सोहळ्याआधी लागलेला फ्लेक्स

१

शनिवारी सकाळी सव्वासात वाजता शरयूबाई पांढरीपांडे यांच्या फोनवर एक फोटो आला आणि हातातला चहा तसाच निवत राहिला.

फोटो तळेगावच्या बसथांब्याशेजारी लावलेल्या फ्लेक्सचा होता. विजेच्या दोन खांबांना ताणून बांधलेला, चांगला बारा फूट लांब. मधोमध दोन वेण्या घातलेल्या एका मुलीचा फोटो आणि खाली पिवळ्याजर्द अक्षरांत मजकूर: ‘तळेगावची शान, सुप्रसिद्ध सिनेअभिनेत्री कु. काजल अण्णाजी ढोले हिला मानाचा सुवर्णबोंड पुरस्कार मिळाल्याबद्दल हार्दिक हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: समस्त गावकरी.’ त्याखाली सव्वीस शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे. त्यातल्या चौघांनी गॉगल लावले होते.

पुरस्कार त्याच दिवशी संध्याकाळी सहा वाजता जाहीर व्हायचे होते.

“झालं!” शरयूबाई रिकाम्या स्वयंपाकघराला म्हणाल्या. “एक काम धड होऊ द्यायचं नाही या लोकांना.”

सुवर्णबोंड म्हणजे विदर्भातला सगळ्यांत मोठा चित्रपट सोहळा. दर जानेवारीत तो वर्ध्याला होई. मुंबई, पुणे, कोल्हापूरहून सिनेमावाले येत, वाहिन्यांचे कॅमेरे येत, आणि वर्धेकर महिनाभर आधीपासून पासांसाठी एकमेकांची डोकी खात. विजेत्याला उमललेल्या कापसाच्या बोंडाच्या आकाराचं पितळी सन्मानचिन्ह मिळे, मानपत्र मिळे आणि गळ्यात फुलांऐवजी हातानं कातलेल्या सुताची माळ पडे. विजेत्यांची नावं लाखेची मोहर लावलेल्या पाकिटांत असत, आणि ती पाकिटं शरयूबाईंच्या कपाटात.

एकतीस वर्षं त्यांनी एका महाविद्यालयाचा परीक्षा विभाग सांभाळला होता. गुपित कसं ठेवावं हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. संस्थापकांनी लिहून ठेवलेले सुवर्णबोंडचे तेरा नियम त्या अक्षरशः पाळत, अगदी ज्यांची आजवर कधी गरज पडली नव्हती तेही. चौदावा नियम त्यांनी स्वतः घातला होता: सोहळ्याआधी विजेत्याचं नाव फुटलं, तर तो पुरस्कार रद्द.

आता गंमत अशी, की काजल ढोले हे नाव नामांकनाच्या यादीत कुठेच नव्हतं. अकरा विभागांची नामांकनं महिन्यापूर्वी छापून आली होती. बारावा पुरस्कार, ‘परीक्षक विशेष’, दहा दिवसांपूर्वीच्या शेवटच्या बैठकीत ठरला. तो जाहीर केलेलाच नव्हता. परगावचे तीन परीक्षक, शरयूबाई आणि पट्टी व मानपत्र तयार करणारे दोघे सोडले, तर तो आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. नामांकनालाच पुरस्कार समजून गावानं घाई केली, असं म्हणायचीही सोय नव्हती. बाराव्या पाकिटात लिहिलेलं नाव होतं: काजल ढोले.

फोन वाजला. सुवर्णबोंड प्रतिष्ठानचे अध्यक्ष धनंजय देशकर.

“मॅडम, फोटो पाह्यला? अपनी तो वाट लग गई! मला सकाळपासून तीन पत्रकारांचे फोन. हे खरं आहे का?”

शरयूबाईंना खोटं बोलता येत नसे. त्या गप्प बसल्या. त्यांचं गप्प बसणं म्हणजे काय, हे धनंजयला आठ वर्षांत कळलं होतं.

“म्हणजे खरं आहे,” तो म्हणाला. “मग सोपं आहे, मॅडम. तुमचाच नियम चौदा. पुरस्कार रद्द. आणि बरं म्हणजे, नाव नामांकनात नाही, म्हणजे हा पुरस्कार आहे हेच बाहेर कोणाला माहीत नाही. निवेदकाच्या कागदावर घालायचाच नाही. पत्रकारांना सांगू, गावच्या लोकांचा गैरसमज झाला. दोन दिवस हसतील, विसरतील.”

“कोणाला हसतील?”

“त्या... तिच्या बापाला. गावाला. कोणालाही. चार वाजता मी कागद निवेदकाला देतो. त्याआधी कोणी फोडलं ते शोधून, पोरीचा त्यात हात नाही हे दाखवता आलं, तर बघू. नाही तर रद्द.”

फोन ठेवून शरयूबाईंनी तो गार चहा मोरीत ओतला. चार वाजेपर्यंत पावणेनऊ तास होते, आणि काहीच घडलं नाही असं भासवून एका मुलीचा पुरस्कार अलगद पुसून टाकायला तेवढे पुष्कळ होते.

२

पहिला संशय आदेशवर. मुख्य बाजारात त्याचं नावाच्या पाट्या कोरायचं दुकान होतं आणि सन्मानचिन्हांवरच्या पितळी पट्ट्या तोच कोरी.

“मॅडम, मी?” आदेशनं दोन्ही कान पकडले. “तुम्ही मले एका बोंडासाठी सहा नावं दिली. सहा पट्ट्या! खरी कोणती ते मले माईत नाई. मले तर त्या उरलेल्या पाच जणांचं वाईट वाटून राह्यलं. बिचाऱ्यांची नावं मीच कोरली अन् मीच वितळवनार.”

हे खरं होतं. ही शरयूबाईंची जुनी युक्ती. परीक्षेच्या पेपरचे जसे तीन संच काढत, तशी एका खऱ्या नावाबरोबर त्यांनी पाच खोटी नावं घुसवली होती. आदेशनं काजलच्या नावाची पट्टी काढून दाखवली. वरच्या ओळीत ‘परीक्षक विशेष पुरस्कार’, खाली नाव.

“सहा जणांची नावं कोणाला सांगितलीस?”

“बायकोलेही नाई. तिले सांगतलं असतं तं सहा फ्लेक्स लागले असते.”

शरयूबाईंना हसू आलं नाही, पण मुद्दा पटला. आदेशकडून फुटलं असतं तर सहा नावं फुटली असती.

तिथून त्या बापूजींकडे गेल्या. बापूजी म्हणजे मराठीचे निवृत्त शिक्षक, वय अठ्ठ्याहत्तर, मानपत्रं तेच लिहीत. त्यांच्याकडेही सहाच नावं होती आणि त्यांनी सहाही मानपत्रं सारख्याच प्रेमानं लिहिली होती. आपल्यावर संशय आहे हे कळताच ते भिंतीकडे तोंड करून बसले.

“बापूजी, रागवायला वेळ नाही. हा फ्लेक्स बघा आणि सांगा, यातलं काही तुमच्या मानपत्रातलं आहे का.”

बापूजींनी फोन डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि मजकूर दोनदा वाचला. रागानं त्यांच्या गळ्याची शीर उडायला लागली.

“हा मजकूर माझ्या कागदावरून घेतला म्हणता? छे! अहो, कोणत्या गोष्टीबद्दल पुरस्कार मिळाला, तेच यात नाही! सव्वीस टाळकी छापायला जागा आहे आणि पुरस्काराचं नाव लिहायला नाही? माझ्या मानपत्राची पहिली ओळ बघा. कोणता पुरस्कार, कशासाठी. शेंबडं पोरसुद्धा आधी तेच विचारील.”

शरयूबाई दाराशी थांबल्या. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी तो फ्लेक्स नीट पाहिला.

बापूजी तणतणत राहिले, पण शरयूबाईंचं लक्ष त्यात नव्हतं. दिसेल त्याची बढाई मारणाऱ्या फ्लेक्सवर सगळ्यांत मोठी बढाईच गायब होती. ही विसर पडण्यासारखी गोष्ट नव्हती.

३

काजल ढोले सिनेमाच्या चमूबरोबर स्टेशनजवळच्या अतिथिगृहात उतरली होती. ती ज्यात काम करत होती तो सिनेमा एका म्हाताऱ्या गँगमनचा, रुळाच्या कडेनं आयुष्यभर पायी फिरणाऱ्या माणसाचा. त्याला चार नामांकनं होती. काजलचं एकही नव्हतं.

शरयूबाई पोचल्या तेव्हा ती पिशवी भरत होती. एकोणतीस-तीसची, बारीक चणीची, केस आखूड. फ्लेक्सवरच्या वेण्यांचा मागमूसही नव्हता.

“तुम्ही प्रतिष्ठानच्या ना?” ती म्हणाली. “मॅडम, प्लीज तो फ्लेक्स काढायला सांगा. माझा फोन सकाळपासून थांबेना. आमच्या दिग्दर्शकानं मला अभिनेत्री मॅडम म्हणून हाक मारली. सगळे हसले.”

“फोटो तुझाच आहे?”

“बारावीचा आहे. फर्स्ट क्लास मिळाला तेव्हाच्या फ्लेक्सवरचा. तोच काढून चिकटवलाय.”

“आणि अभिनेत्री?”

काजलनं पिशवीची चेन ओढली, ती अडकली, परत ओढली.

“मी सिनेमात दिसत नाही, मॅडम. पडद्यावर माणूस चालतो ना, त्याच्या पावलांचा आवाज शूटिंगच्या वेळी नीट मिळत नाही. तो नंतर स्टुडिओत करतात. पावलं, दार, भांडी, कपड्यांची सळसळ. ते मी करते. घरी सांगून सांगून थकले. बाबांना एवढंच कळतं की मी सिनेमात आहे. सिनेमात आहे म्हणजे दिसायला पाहिजे.”

“तू घरी काय सांगितलंस? या सोहळ्याबद्दल?”

“काही नाही. मला काय मिळणारेय? आमच्या सिनेमाला नामांकन आहे, मी टीमसोबत वर्ध्याला चालले, एवढंच. त्यांना वाटलं असेल मलाच मिळालं.” तिनं पिशवी खांद्याला लावली. “मी दुपारच्या गाडीनं जाते. संध्याकाळी बाबा सगळं गाव घेऊन येणार, आणि स्टेजवर माझं नाव येणार नाही. ते तोंड मला बघायचं नाही.”

शरयूबाईंच्या तोंडाशी शब्द आला आणि त्यांनी तो गिळला. सांगितलं, की आपणच आपला नियम मोडला. नाही सांगितलं, तर मुलगी गाडीत बसून जाणार. पुरस्कार घ्यायला विजेता हजर पाहिजे, हा संस्थापकांचा चौथा नियम होता. नियम करणाऱ्यांवर त्यांना आयुष्यात पहिल्यांदा इतका राग आला.

“सहापर्यंत थांब,” त्या म्हणाल्या.

“कशाला?”

“मी सांगते म्हणून थांब. कारण विचारू नकोस. मी चिडलेली बाई आहे.”

काजल त्यांच्याकडे बघत राहिली. ती थांबणार की जाणार, हे तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना.

४

ऑटोत बसल्यावर शरयूबाईंनी पर्समधली वही काढली. परीक्षा विभागात पेपर फुटला की त्या एकच प्रश्न विचारत. फोडणाऱ्याला काय माहीत होतं, हे सगळेच शोधतात. फोडणाऱ्याला काय माहीत नव्हतं?

फ्लेक्स लावणाऱ्याला पुरस्काराचं नाव माहीत नव्हतं. म्हणजे त्यानं पाकीट, पट्टी, मानपत्र यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. तिन्हींवर ते नाव ठळक होतं. आदेश सुटला. बापूजी सुटले. परीक्षकही सुटले, त्यांना पुरस्काराचं नाव त्यांनी स्वतःच ठेवल्यामुळे पाठ होतं, आणि ढोले कुठली, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

काजल काय करते, हेही त्याला माहीत नव्हतं. म्हणजे काजलनं त्याला सांगितलेलं नव्हतं. तिनं सांगितलं असतं तर तिनं आधी तो वेण्यांचा फोटो बदलायला लावला असता आणि मग अभिनेत्री खोडायला. कोणतीही मुलगी तेच करील. काजलही सुटली, आणि ते सगळ्यांत महत्त्वाचं होतं.

मग उरलं काय? ज्याला पुरस्काराचं नाव माहीत नाही, मुलीचं काम माहीत नाही, अशा माणसाला काय माहीत होतं?

फक्त एक गोष्ट. विजेता तळेगावचा आहे.

ऑटो बजाज चौकाच्या सिग्नलला थांबला. शरयूबाईंच्या हातातलं पेन वहीवर तसंच टेकून राहिलं. तळेगाव हे नाव शरयूबाईंच्या कपाटातल्या प्रवेशिकेखेरीज कोणत्याही कागदावर नव्हतं. ते नाव दहा दिवसांपूर्वी कोणी तरी स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या पायांनी चालत जाऊन, एका माणसाला सांगितलं होतं.

“भाऊ,” त्या ऑटोवाल्याला म्हणाल्या. “घरी नको. सभागृहाकडे घ्या.”

५

विमलाबाई सभागृहाच्या मागच्या खोलीत सतरंजीवर बसून सूतमाळांना गाठी मारत होत्या. पासष्टीच्या, कपाळाला मोठं कुंकू. वर्षभर त्या चरख्यावर सूत कातत, आणि सुवर्णबोंडच्या माळा त्यांच्याच. शरयूबाईंनी त्यांना कधीच नावं दिली नव्हती. माळेला नाव लागत नाही. यंदा फक्त आकडा दिला होता: बारा.

आणि आकड्याबरोबर एक सूचना. संस्थापकांचा नववा नियम असा होता, की विजेता वर्धा जिल्ह्यातला असेल, तर त्याच्या गळ्यात पडणारं सूत त्याच्याच गावच्या कापसाचं असावं. आठ वर्षांत जिल्ह्यातलं कोणी जिंकलंच नव्हतं, म्हणून तो नियम नुसताच कागदावर पडून होता. शरयूबाईंनी तो पाळला. विमलाबाईंच्या घरी जाऊन म्हणाल्या होत्या, “एक माळ तळेगावच्या कापसाची करा. बाकी काही विचारू नका.”

“विमलाबाई, तळेगावला कापूस आणायला गेलात, तेव्हा काय बोललात? खरं सांगा.”

“मी कायले खोटं बोलू?” विमलाबाई गाठ मारत म्हणाल्या. “एसटीनं गेलती. थांब्यावर चहाच्या टपरीवाल्याले म्हनलं, दोन किलो कापूस पायजे बावा. तो म्हने, वर्ध्यात एवढी मोठी कापसाची बाजारपेठ, अन् तुमी दोन किलोसाठी इतक्या दूर काऊन आल्या? मंग सांगतलं मी.”

“काय सांगितलंत?”

“जे हाय तेच. सुवर्णबोंडची माळ हाय, ज्याच्या गळ्यात पडते त्याच्या गावचा कापूस लागते. नाव मी घेतलं नाई. मले माईतच नाई तं मी घेनार कुठून?” त्यांनी वर पाहिलं. “काऊन? चुकलं का माह्यं?”

“नाही,” शरयूबाई म्हणाल्या. “तुमचं नाही चुकलं.”

त्या खाली सतरंजीवरच बसल्या. गुडघे कुरकुरले. सहा पट्ट्या, सहा मानपत्रं, लाखेच्या मोहरा, कपाटाला दोन कुलपं. आणि गावाचं नाव आपणच दिलं, तेही नियम पाळण्याच्या नादात. सकाळपासून सगळ्या जगावर चिडचिड केली आणि फोडणारी बाई रोज आरशात दिसत होती.

बाहेर गाडीचा कर्कश हॉर्न वाजला. तळेगावचे लोक आले होते. एक टेम्पो, दोन काळीपिवळ्या, आणि सोबत ढोल. सहाच्या सोहळ्याला दुपारी अडीचलाच.

पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला टोपी घातलेले एक गृहस्थ उतरले. उतरताना डावा पाय त्यांनी जरा जपून टेकला. हे अण्णाजी ढोले, काजलचे वडील. शरयूबाई तडक त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

“फ्लेक्स तुम्ही लावलात?”

“हाव. कसा झाला?”

“तुमच्या मुलीला पुरस्कार मिळाला, असं कोणी सांगितलं तुम्हाला?”

“कोनंच नाई,” अण्णाजी शांतपणे म्हणाले. “आमी अंदाज लावला. वर्ध्यावरून बाई आलती कापूस घ्याले. तिनं सांगतलं, ज्याले बक्षीस त्याच्या गावचा कापूस लागते. रात्री पारावर बसलो सगळे. तळेगावातनं सिनेमात कोन कोन हाय? मोजलं. एकच हाय. माही पोरगी. मंग अजून काय पायजे? फ्लेक्स काल रात्री छापून आला, पहाटेच बांधला.”

त्यांच्यामागे टेम्पोतले सगळे माना डोलावत होते. एकतीस वर्षांच्या अनुभवी बाईंना जे शोधायला सकाळपासून दुपार लागली, ते गावानं पारावर बसल्या बैठकीत शोधलं होतं.

“मुलीला सांगितलं?”

“नाई. म्हनलं, तिले वर्ध्यातच कळू द्या. तिच्या तोंडाकडे पाहाचं होतं.” अण्णाजींनी टोपी सारखी केली. “कुठी हाय ती?”

घड्याळात पावणेतीन झाले होते. तीन वाजून दहा मिनिटांनी मुंबईची गाडी होती.

“अतिथिगृहावर,” शरयूबाई म्हणाल्या. “स्टेशनजवळ. आत्ता जा. पिशवी घेऊन निघाली असेल तर पिशवी काढून घ्या. पुरस्काराबद्दल मात्र एक अक्षर बोलायचं नाही. समजलं?”

“समजलं. पन बोलू काय मंग?”

“बाप आहात ना? काहीही बोला!”

६

“बघा, मी म्हणत होतो ना, पोरीचा हात नाही,” धनंजय म्हणाला. असं तो कधीच म्हणाला नव्हता. “पण मॅडम, नियम तर नियम. नाव फुटलं म्हणजे फुटलं. तुमचेच शब्द.”

चारला दहा मिनिटं कमी होती. निवेदकाचा कागद टेबलावर होता, त्यावर अकरा ओळी. बारावीची जागा कोरी.

शरयूबाईंना चौदा वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली. एका कारकुनानं गणिताचा पेपर विकला होता. कारकून सापडला, पण त्याआधीच शरयूबाईंनी चारशे बारा मुलांचा पेपर रद्द केला होता. फुटलेला पेपर तो फुटलेला, असं त्या तेव्हाही ठणकावून म्हणाल्या होत्या. महिन्यानं मुलं परत बसली. काही बसलीच नाहीत. ती कोण होती आणि त्यांचं पुढे काय झालं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, कारण विचारायचा नियम नव्हता.

“नियम चौदा मी लिहिला,” त्या म्हणाल्या. “तो चूक आहे. ज्यानं फोडलं त्याला सोडून ज्याचं नाव फुटलं त्याला तो शिक्षा करतो. हे मला कळायला माझीच चूक व्हावी लागली. पेन द्या.”

“मॅडम, मग लोकांना काय सांगायचं? गावानं अंदाज लावला म्हणून सांगू? हसतील आपल्याला.”

“सांगायचं काम माझं. तुम्ही फक्त पेन द्या.”

धनंजयनं पेन दिलं. शरयूबाईंनी बारावी ओळ स्वतःच्या अक्षरात लिहिली.

सहाला सोहळा सुरू झाला. सर्वोत्कृष्ट चित्रपट कोल्हापूरचा ठरला, अभिनेत्रीचा पुरस्कार पुण्याच्या एका नवख्या मुलीला मिळाला, आणि गँगमनच्या सिनेमाच्या हाती चार नामांकनांपैकी एकच पुरस्कार लागला, संकलनाचा. तळेगावच्या मंडळींनी अकराही विजेत्यांसाठी सारखाच ढोल वाजवला. दुसऱ्या रांगेत अण्णाजींच्या शेजारी काजल बसली होती, मान खाली घालून. तिची पिशवी अण्णाजींच्या मांडीवर होती, दोन्ही हातांनी धरलेली.

अकरावं पाकीट फुटल्यावर निवेदक थांबला आणि शरयूबाई व्यासपीठावर आल्या. त्यांनी माइक हातात घेतला. तो त्यांना नेहमीसारखाच खरखरणारा मिळाला होता.

“यंदा एक बारावा पुरस्कार आहे. तो कोणाला आहे, हे तळेगावच्या बसथांब्यावर सकाळपासून लिहिलेलं आहे.” सभागृहात खसखस पिकली. “हसू नका. गावाचं काही चुकलं नाही. गुपित ठेवायची जबाबदारी माझी होती आणि ते माझ्याकडून फुटलं. त्या गावानं माझ्याच तोंडून बाहेर पडलेल्या एका गोष्टीवरून अचूक निष्कर्ष काढला. विजेत्या मुलीला यातलं काही ठाऊक नव्हतं, आत्तासुद्धा नाही. म्हणून पुरस्कार तिचा आणि शिक्षा माझी. आजपासून मी पाकिटं सांभाळणार नाही.” त्यांनी बाराव्या पाकिटाची मोहर मोडली. “परीक्षक विशेष पुरस्कार. गँगमनच्या चित्रपटातल्या पावलांच्या आवाजासाठी. काजल अण्णाजी ढोले.”

काजल उठलीच नाही. अण्णाजींनी तिला दंडाला धरून उभं केलं. ती व्यासपीठावर आली, तळेगावच्या कापसाची माळ गळ्यात पडली, आणि ती माइकसमोर आली.

“बाबा,” ती म्हणाली, “मी अभिनेत्री नाही.”

“मंग काय करतं तू?” दुसऱ्या रांगेतून खडा आवाज आला. अख्खं सभागृह वळून पाहायला लागलं.

“त्या सिनेमात म्हातारा चालतो ना, ते चालणं मी केलंय. स्टुडिओत, खडीवर. तुम्ही डावा पाय टेकल्यावर जरा थांबता, तसं. सत्तर वेळा चालले तेव्हा ते तुमच्यासारखं झालं.”

अण्णाजींनी आपला डावा पाय पुढे घेऊन पाहिला. ढोलवाल्यानं ढोल खाली ठेवला.

सोहळा संपल्यावर लोक जेवणाकडे पांगले. शरयूबाई मागच्या खोलीत कपाटाच्या किल्ल्या एका कागदात गुंडाळत होत्या. दार वाजलं. अण्णाजी उभे होते, टोपी हातात.

“बाई, तुमाले आमच्यापायी काम सोडावं लागलं.”

“तुमच्यापायी नाही. पण खरं सांगू का अण्णाजी, तुमचा मला सकाळपासून भयंकर राग आला आहे. अंदाज बरोबर होता, कबूल. पण बारा तास थांबता आलं नाही तुम्हाला? संध्याकाळी लावला असता फ्लेक्स तर काय बिघडलं असतं?”

अण्णाजींनी जरा विचार केला.

“नाई थांबता आलं,” ते म्हणाले. “आठ वर्षं झाली पोरगी मुंबईले जाऊन. लोक विचारत, काय करते? मले सांगताच येत नव्हतं. मी गप बसो. गावातले समजत, काही तरी असंनच लपवाचं. त्या दिवशी पारावर समजलं, अन् मले वाटलं, आता एक दिवसही कोनी तसं समजू नाई.”

शरयूबाईंना यावर चिडायला काही सापडलं नाही.